चि. मुक्तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पुस्तकांच्या दुकानाच्या मालकांशी वाजल्याचं सांगितलंस, मी ‘मग आता नोकरीचं काय?’ म्हणालो आणि तू फोन ठेवलास. या पत्रात तो विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

कवितेचं कपाट काढून तिथे स्पर्धा परीक्षांची गाइडं लावायची, यावरून झालं ना? आईने सांगितलं. मालकांचंही खोटं नाही गं. गाइडं परतीच्या बोलीवर मिळतात, खपली नाहीत की गठ्ठा बांधून परत. कवितासंग्रह काढणारा लहान प्रकाशक रोख मागतो, असं तूच म्हणाली होतीस. न खपलेल्या प्रती दुकानाच्या अंगावर, आणि भाडं तर महिन्याच्या महिन्याला द्यायचंच. उद्या दुकानच बंद पडलं तर कपाट कुठलं आणि तू कुठली? बघ, तेच बोलायला लागलो. रागावू नकोस.

दिवाळीनंतर मी आलो तेव्हा तू गिऱ्हाइकात होतीस, म्हणून मागेच थांबलो. एका कॉलेजच्या मुलाला हवं होतं ते पुस्तक नव्हतं. ‘नाही’ म्हणून तू मोकळी झाली नाहीस. याआधी काय वाचलंस, त्यातलं काय आवडलं, असं विचारत विचारत खालच्या फळीवरचा एक पातळ संग्रह काढून त्याच्या हातात दिलास. त्याने उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि घेतला. मग काउंटरखालची वही काढून त्याने मागितलेल्या पुस्तकाचं नाव लिहून ठेवलंस. पुढची ऑर्डर त्या वहीवरून जाते, हे मला तेव्हा कळलं. दुकानात काय यायचं ते माझी मुलगी ठरवते! नंदूला हे किती वेळा सांगितलं असेल, त्यालाच विचार.

फोर्टात नोकरीला होतो तेव्हा पगार झाला की मी ‘स्ट्रँड’ या पुस्तकांच्या दुकानात जायचो. त्याचे मालक शानभाग, त्यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमातल्या टीचभर जागेत सुरुवात केली आणि मग फोर्टात आले. सूट मिळायची, पण मी जायचो तिथल्या माणसांसाठी. मी नक्की मागेन म्हणून एकाने एक पुस्तक आठवडाभर काउंटरखाली राखून ठेवलं होतं. सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या प्रदर्शनात तुझी आई तुझ्या वेळी सातवा महिना असताना तासभर उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. २००९ मध्ये शानभाग गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानही बंद झालं. अशी माणसं असून बंद झालं, मुक्ता. म्हणून मला झोप लागत नाही.

इंग्लंडातल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीचं तूच सांगितलं होतंस. २०११ मध्ये जेम्स डाँट तिथे प्रमुख म्हणून आले, पैसे घेऊन प्रकाशकांची पुस्तकं दर्शनी मांडणं त्यांनी बंद केलं, कुठल्या शाखेत काय ठेवायचं ते तिथल्याच लोकांवर सोडलं, आणि बुडायला आलेला धंदा सावरला. मालकांना हे सांग. भांडून नको, वही समोर ठेवून सांग. परतीच्या बोलीवर थोड्या थोड्या प्रती द्याल का, असं त्या लहान प्रकाशकांना तूच विचार. तुला नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

तो पातळ संग्रह शिल्लक असेल तर दोन प्रती माझ्या नावावर बाजूला ठेव. एक नंदूला देईन.

तुझे,
बाबा

ता. क. जागेचं भाडं थकलेलं नाही ना, एवढं मात्र हळूच विचारून घे.