अण्णा, बांधावरच्या बोराट्या काढा

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी एकदम मजेत आहे. हे आधीच लिहिते, कारण आई पहिल्या ओळीत तेवढंच शोधणार. वजन अजिबात उतरलेलं नाही, मागच्या रविवारी चेहरा ओढलेला दिसला तो सलग 3 नाइट करून आले होते म्हणून. भाकरी होते, ज्वारीचं पीठ लेस्टरहून एकदम 10 किलो आणून ठेवते. हॉस्पिटलच्या ड्युटीचं सगळं तुम्हाला माहीतच आहे, तेच तेच परत लिहीत नाही. रोज फोन होतो तरी पत्र का, तर अण्णा दोन वाक्यं झाली की फोन आईकडे देतात आणि मला या वेळी अण्णांशीच बोलायचंय. दादाने सावकाश वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

आई, तू दर वेळी विचारतेस की शहरात आपली एवढी माणसं असताना मी इथे इंग्लंडात खेड्यात कशाला राहते. अगं, भाडं कमी पडतं हे एक, आणि बस दारात आहे. दुसरं म्हणजे मला इथे खरंच बरं वाटतं. खिडकीतून मेंढरं दिसतात, पाऊस पडून गेला की शेणाचा आणि गवताचा वास येतो आणि आपल्या गोठ्यापाशी उभी असल्यासारखं वाटतं. घरमालकीण आजी 81 वर्षांच्या आहेत, मी नाइट करून आले की दुपारपर्यंत रेडिओसुद्धा लावत नाहीत. मी एकटी आहे असं मनात आणू नकोस.

आता ते चालण्याचं. मी फोटो पाठवले तेव्हा अण्णा म्हणाले, लोकांच्या रानातून काय हिंडतेस, कुणी हटकलं म्हणजे? अण्णा, कुणी हटकत नाही, कारण तो रस्ता आहे. नीट सांगते, मलाही हे कळायला वर्ष गेलं.

इथे सुट्टीच्या दिवशी माणसं चालायला जातात. कुठे, तर कुठेच नाही. देवाला नाही, बाजाराला नाही, पाहुण्यांकडे नाही. सकाळी बूट चढवायचे, पाठीवरच्या पिशवीत थर्मास आणि सँडविच टाकायचं आणि 8-10 मैल शिवारातून गोल फिरून परत आपल्याच दारात यायचं, पाऊस असला तरी. आपल्याकडेही चालतात, अण्णा तुम्ही दर वर्षी लोणंद ते फलटण माउलींबरोबर चालता, पण तिथे पुढे पांडुरंग उभा आहे. इथे पुढे कुणी नाही आणि तरी पंचाहत्तरीच्या बायका काठी टेकत डोंगर चढतात, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला नमस्कार घातल्यासारखं गुड मॉर्निंग म्हणतात आणि पावसाबद्दल दोन शब्द बोलून पुढे जातात. आधी मला वाटायचं यांना घरी कामं नाहीत का. आता मी पण जाते.

आणि जातात ते डांबरी रस्त्याने नाही, सरळ शेतातून. मेंढरांच्या कुरणातून, उभ्या गव्हातून, कधी कुणाच्या गोठ्याच्या अंगणातून. वाटेच्या तोंडाशी लाकडी खांबाला बाण ठोकलेला असतो, पिवळा म्हणजे फक्त पायी माणसाची वाट, निळा असला तर घोडा आणि सायकलही चालते. जमीन खाजगीच, पण वाट सगळ्यांची. मालकाला ती अडवता येत नाही. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली तर 14 दिवसांत परत चालण्यासारखी करून द्यावी लागते. चालणाऱ्याने पाळायचं ते एवढंच की फाटक जसं असेल तसं ठेवायचं, उघडं असलं तर उघडं, लावलेलं असलं तर लावून, कुत्रं हाताशी धरायचं आणि पिकात शिरायचं नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. आजींकडे नारिंगी कव्हरचा नकाशा आहे, 4 सेंटिमीटरला 1 किलोमीटर असा, त्यात प्रत्येक बांध दाखवलाय आणि वाटा हिरव्या तुटक रेषांनी. तलाठ्याकडचा गावनकाशा दुकानात विकायला ठेवावा तसं आहे ते, अण्णा. कुणीही विकत घ्यावा आणि बघावं कुठून जायचंय.

बांध म्हणजे इथे दगडी भिंत, कोकणात गडगा घालतात तसली, चुना नाही की सिमेंट नाही. हिवाळ्यात शेजारच्या रानातली चार हात भिंत ढासळली होती, ती परत चढवताना मी शेतकरीबुवांना दगड देत होते. मोठे दगड तळाला, दोन बाजूंनी दोन भिंती वर जाताना एकमेकींकडे कलत्या, मधे बारीक दगडांची भरती, निम्म्या उंचीवर आरपार लांब दगड म्हणजे दोन्ही बाजू बांधल्या जातात, आणि माथ्यावर उभ्या दगडांची ओळ. त्यांनी सांगितलं, हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची. तुमचीच आठवण आली. शेताची ताल फुटली की तुम्ही पण दगड असाच हातात फिरवून फिरवून बघायचा.

आणि वाट जिथे भिंतीला येते तिथे काय करतात माहितीये? दोन उभ्या शिळा आणि मधे मांडीपुरती फट. माणूस अंग चोरून पलीकडे जातो, मेंढी जाऊ शकत नाही. शेतकऱ्याचं नुकसान नाही आणि वाटसरूची अडवणूक नाही. आमच्या घरामागे जी फट आहे तिथल्या शिळांच्या कडा माणसांच्या पायांनी घासून घासून देवळाच्या उंबऱ्यासारख्या गुळगुळीत झाल्यात. मी जाता जाता तिथे हात लावते, सवयच लागलीये.

हे सगळं यांना फुकट मिळालं नाही. आधी गावाचं गायरान होतं, 18व्या आणि 19व्या शतकात पार्लमेंटने कायदे करकरून ते वाटून टाकलं, त्यातल्याच पुष्कळशा या भिंती, आणि ज्या गरिबाकडे कागद नव्हता त्याच्या गाईचं चरणं बंद झालं. डोंगर तर जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले. मग 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टर शेफील्डकडची कामगारांची शेकडो पोरं ठरवून किंडर स्काउटच्या डोंगरावर चढली, राखणदारांशी झटापट झाली, 5 जणांना तुरुंगात घातलं. पुढे होता तो बेनी रॉथमन 20 वर्षांचा होता, आपल्या दादापेक्षा लहान. 1949 साली कायदा आला, वाटा नकाशावर नोंदवायचं ठरलं, आणि 1951 ला हाच भाग, पीक डिस्ट्रिक्ट, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. मी ज्या वाटेने चालते तिच्यासाठी कुणीतरी जेल भोगलीये हे कळल्यापासून त्या पिवळ्या बाणाकडे बघताना मला वेगळंच वाटतं.

अशाच एका वाटेवर, ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मधे, एक धोंडा आहे, त्याला 6 भोकं. 1665 साली लंडनहून आलेल्या कापडातून ईमला प्लेग आला आणि त्या गावाने ठरवलं की आपण शीव ओलांडायची नाही, आजूबाजूची गावं वाचली पाहिजेत. बाहेरचे लोक धान्य आणून ठेवायचे, गावकरी त्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायचे. मॉम्पेसन म्हणून जे पाद्री होते त्यांची बायको त्यात गेली, चर्चच्या आवारात समाधी आहे. मी त्या धोंड्यापाशी बराच वेळ बसले होते. कोरोनातली ड्युटी आठवली, आणि आई दारात ठेवायचीस तो डबा पण.

आई, तुझ्यासाठी एक. उन्हाळ्यात इथे गावोगाव विहिरी आणि झरे सजवतात. पाण्याचे उपकार मानायचे म्हणून. टिसिंग्टनचं मोठं प्रसिद्ध आहे. लाकडाच्या फळ्या पाण्यात भिजवतात, त्यावर ओली माती थापतात, कागदावरचं चित्र टाचणीने टोचून मातीवर उतरवतात, आपण रांगोळीला छापा वापरतो ना तसं, आणि मग एकेक पाकळी बोटाने दाबत बसतात. खालून वर लावत जातात, कौलं घालतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. आमच्या गावच्या फळीला मी दोन संध्याकाळी बसले, हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या लावल्या, एक वीत आभाळ माझं. शेजारच्या बाईंनी विचारलं कुठे शिकलीस, मी म्हटलं आईकडे.

आता अण्णा, मुद्द्याचं. रागावू नका.

आबा काकांच्या रानाकडे जाणारी वाट आपल्या बांधावरून जाते, ती तुम्ही बोराट्या टाकून बंद केली त्याला आता 3 वर्षं झाली. महसूल कायद्याच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागायचा त्यांचा अर्ज, तहसीलदाराच्या तारखा, वकिलाचे पैसे, सगळं मला माहितीये. चूक त्यांचीही आहे, वाटणीच्या वेळी ते जे बोलले ते मी पण विसरलेले नाही. पण दादा सांगत होता की काकांनी या वर्षी आल्याच्या गोणी डोक्यावरून ओढ्यातून काढल्या. अण्णा, काका 66 वर्षांचे आहेत. आणि त्याच वाटेने मी 10 वर्षं शाळेला गेले, काकू परकरात बोरं घालायची. चार फूट वाट द्या, हवं तर फाटक बसवा आणि किल्ली दोघांकडे ठेवा, फाटकाचे पैसे मी देते. जमीन आपलीच राहते. मी इथे रोज बघते, राहते.

हे लांब बसून सांगणं सोपं आहे असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते, तेव्हा दवाखान्यात रात्री काकांचाच मुलगा थांबला होता, हे मला दादाने महिन्यानंतर सांगितलं. तेव्हापासून हे मनात आहे.

पैशांचं. या महिन्यात 60 हजार येतील, नेहमीचे 80 नाहीत, कारण व्हिसाच्या फीला बाजूला काढावे लागतायत. काळजीचं काही नाही, पुढच्या महिन्यापासून पूर्ववत. सोसायटीचा हप्ता आधी भरा. दादाच्या लग्नाला 3 लाख वेगळे ठेवलेत, त्याला हात लावलेला नाही, आईने पाटल्या मोडायचा विषय परत काढायचा नाही.

लग्नाची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची धरताय ते बरोबर. रजेचा अर्ज दिलाय पण डिसेंबरात वॉर्डला माणसं कमी असतात, सिस्टर म्हणाल्या 10 दिवस मिळतील, त्यापेक्षा जास्त नाही. हळदीला पोचेन. साखरपुड्याला मात्र जमणार नाही, दोन रजा एकदम नाही मिळत. मी खूप विचारून बघितलं, खरंच. दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, वहिनीला माझ्याकडून साडी घ्या, आईच्या पसंतीची.

माझ्या स्थळाचं, आई, कोल्हापूरच्या लोकांना अजून हो पण नको आणि नाही पण नको कळवू. मुलाशी मी स्वतः बोलते, नंबर पाठव. 29 ची झाले हे मला माहितीये, तू रोज रडू नकोस.

पत्रिका छापायला टाकाल तेव्हा पहिली आबा काकांकडे जाऊ दे, आणि ती घेऊन अण्णांनी स्वतः जावं. बांधावरून.

साखरपुड्याचा व्हिडिओ करताना फोन आडवा धरायला सांगा आणि अण्णांना समोर बसवा, मागच्या वेळी ते कुठे दिसलेच नाहीत. डोळ्यात थेंब दोन वेळा घालायचे आहेत, एकदा नाही.

तुमची,
ताई