‘भारतीयांना त्रास नव्हता’ हे कशावरून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सिंगापूरवरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. जुन्या फोर्ड फॅक्टरीतल्या संग्रहालयाला लेखकाने चार ओळी दिल्या आहेत. त्यातल्या दोन सांगतात की हे अर्ध्या तासात आटोपते, वेळ उरला तरच जा. उरलेल्या दोन म्हणतात की आझाद हिंद सेनेमुळे तिथल्या भारतीयांना जपानी राजवटीचा त्रास झालाच नाही. पहिल्या दोन ओळींचा राग आला. दुसऱ्या दोन वाचून वाईट वाटले.

अर्धा तास म्हणे! मला ते संग्रहालय बघायचे म्हणून मी ग्रुप टूरमध्ये पैसे भरण्यापूर्वीच विचारून घेतले होते. “हो काका, बसवू आपण,” असे सांगितले गेले. प्रत्यक्षात त्या दिवशी दुपारी बस खरेदीला नेली. टूर मॅनेजरला आठवण केली तर म्हणाला, “तिथे नुसते कागद आणि फोटो आहेत, बाकीच्यांना बोअर होईल.” बाकीच्यांना विचारलेसुद्धा नाही. आमच्यातल्या दोन-तीन बायका यायला तयार होत्या, त्याही गप्प बसल्या. शेवटी भाची तिथे राहते, ती सुट्टी काढून मला घेऊन गेली. भाची तिथे नसती तर? आपल्या पुरवणीतल्या चार ओळी आता उद्या हाच टूर मॅनेजर पुढच्या काकांना दाखवणार.

१५ फेब्रुवारी १९४२ ला याच कारखान्याच्या बोर्डरूममध्ये ब्रिटिश जनरल पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागती पत्करली. ती खोली जपून ठेवली आहे. टेबल मात्र प्रतिकृती आहे, मूळ टेबल कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात आणि निघतात. खरे संग्रहालय पुढच्या दालनांत आहे. तिथे सेनापती मागे पडतात आणि शहरातली माणसे साडेतीन वर्षे कशी जगली ते दिसते. घड्याळे टोकियोच्या वेळेवर दीड तास पुढे. मुलांना शाळेत जपानी. अठरा ते पन्नास वयाच्या चिनी पुरुषांना चौकशीसाठी बोलावले, त्यातले हजारो किनाऱ्यावर नेऊन मारले. जपानी आकडा पाच-सहा हजारांचा, चिनी समाज पन्नास हजारांपर्यंत सांगतो.

काचेमागे जपान्यांनी काढलेली दहा डॉलरची नोट आहे, तिच्यावर केळीचे झाड. पाठीशी कसलेही तारण नसताना छापत सुटले, तेव्हा महागाई भडकणारच. पुढे नोटांवरचा क्रमांकसुद्धा गेला, नुसती अक्षरे उरली. सप्टेंबर १९४५ मध्ये त्या रद्दी झाल्या आणि लोकांची साठवण एका दिवसात गेली. तांदळाचे रेशन घटत गेले तसे लोक रताळी आणि टॅपिओकावर आले. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो. आपण तो उपासाला आवडीने खातो. तिथे त्याची भाकरी, त्याचीच लापशी, रोज, वर्षानुवर्षे. माझ्या शेजारी उभे असलेले एक तमिळ गृहस्थ भाचीला सांगत होते की त्यांच्या आजीने युद्ध संपल्यावर तो कंद पुन्हा घरात आणू दिला नाही.

या गृहस्थांच्या आजोबांना मलायातल्या रबर मळ्यातून जपान्यांच्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले. ते परतले नाहीत. असे तमिळ मजूर हजारोंनी गेले आणि हजारोंनी मेले. ते भारतीय नव्हते का? चिन्यांइतका छळ भारतीयांचा झाला नाही हे खरे, पण ‘त्रास नव्हता’ असे लिहायला हात कसा धजावतो?

आझाद हिंद सेनेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. शरणागतीनंतर दोन दिवसांनी फॅरर पार्कवर ब्रिटिश फौजेतले हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन झाले, त्यातून ती सेना उभी राहिली. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी कॅथे इमारतीत हंगामी सरकार जाहीर केले. आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले त्या सेनेच्या अगदी वरच्या फळीत होते, मंत्रालयाजवळचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. लेखात त्यांचा उल्लेख नाही. आणि जे सैनिक सेनेत गेले नाहीत, ज्यांना मजुरीसाठी न्यू गिनीकडे जहाजांत कोंबले, ज्यांतले कितीतरी तिकडेच संपले, त्यांचाही नाही. दोघेही आपलेच होते. त्यांच्यातल्या एकाची आठवण ठेवायला दुसऱ्याला पुसावे लागत नाही.

आणखी एक. लेखात संग्रहालयाचे नाव ‘स्योनान गॅलरी’ छापले आहे. ‘स्योनान’ हे जपान्यांनी शहराला दिलेले नाव. २०१७ मध्ये दालनाला ते दिले तेव्हा सिंगापूरच्या लोकांनी इतका संताप व्यक्त केला की काही दिवसांतच ते मागे घेतले गेले आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना हे नाव पाटीवर नको होते, आणि आपण ते ठळक टाइपात छापले. फोनवर दोन मिनिटांत तपासता आले असते.

कृपया दुरुस्ती छापा, आणि ती पुरवणीतच छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. शिवाय जाणाऱ्यांसाठी एवढे तरी द्या: मेट्रोच्या डाउनटाउन लाइनवर ह्यूम स्टेशनला उतरायचे, सोमवारी बंद असते, आणि निदान दोन तास हाताशी ठेवायचे.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)