टाच धरणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. त्या दिवशी शिखरावर असलेल्या कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

माझ्यासोबतची मंडळी माथ्यावरून परतताना पुढे निघून गेली. 'ये सावकाश,' म्हणाली. अवघड कातळाशी थांबायला हवं होतं, तिथेच कुणी थांबलं नाही. मागून आणखी एक गट आला. 'लवकर उतरा, ढग येताहेत,' एवढं सांगून तेही गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी शिट्टी वाजवत राहिले. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. मदतीची ही खूण आल्प्समध्ये 1894 पासून चालत आली आहे. ती ओळखणारं कुणी जवळपास असेल याची मला आशा उरली नव्हती. आणि खालच्या घळीतून उत्तर आलं. मिनिटात तीन. म्हणजे ऐकलंय. मला तिथेच रडू फुटलं.

तुमच्या जोडीदाराने वर जाऊन दोर कसा लावला, मी त्यात कशी अडकवली गेले, हे धड आठवत नाही. आठवतो तो तुमचा हात. कातळाकडे तोंड करून उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत, बूट नुसता हवेत चाचपडत राहतो. तुम्ही खालून माझी टाच तळव्यात धरलीत, खोबणीत टेकवलीत आणि क्षणभर तशीच दाबून ठेवलीत. 'इथे. आता वजन टाका.' प्रत्येक पावलाला हेच. माझ्या बुटांची माती तुमच्या तोंडावर पडत होती, बोटं दगडाने सोलवटली होती. 'घाबरू नका' असं एकदाही म्हणाला नाहीत. 'कातळाला चिकटू नका, अंग जरा लांब ठेवा, पाय सरकणार नाहीत,' म्हणालात, आणि खरंच सरकले नाहीत.

तुम्ही दोघं माथ्याकडे निघाला होतात, हे मला खिंडीत पोचल्यावर तुमच्या जोडीदाराकडून कळलं. तोवर ढग उतरले होते. तुमच्या तोंडून त्याबद्दल चकार शब्द नाही! कोण किती उंच चढलं हे डोंगरात सगळेच विचारतात. अनोळखी माणसासाठी कोण अर्ध्यातून वळलं, हेही विचारलं जायला हवं.

तेव्हा दात वाजत होते, नीट बोलता आलं नाही. आता म्हणते: मनापासून आभार, दादा. पत्र पोचलं तर कळवा. तो माथा तुमचा राहिलाय. पुन्हा निघाल तेव्हा मी येईन, दोराचं ओझं माझ्या पाठीवर.