शाईचा डाग निघावा, हाताची कातडी निघू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांच्या हातांवरचे शाईचे डाग काढण्यासाठी घरोघरी जे उपाय केले जातात, त्यांतले काही उपाय त्या डागांपेक्षा कितीतरी जास्त अपाय करतात, हे गेल्या डिसेंबरात मी आमच्याच चाळीत डोळ्यांनी पाहिले आणि म्हणून हे पत्र लिहायला बसलो. गिरगावातल्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला अक्षरांचे खिळे जुळवले, मग ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र चालवले आणि शेवटची काही वर्षे ऑफसेट यंत्रावर काढली. इतकी वर्षे शाई माझ्या नखांच्या कडांत आणि तळहाताच्या रेषांत बसलेली होती, त्यामुळे या विषयावर मला जे ठाऊक आहे ते आपल्या वाचकांपुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

आमच्या मजल्यावर दोन खोल्या सोडून राहणारी मुलगी पाचवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने रात्री उशिरापर्यंत तक्ता रंगवला आणि पर्मनंट मार्करचे काळे-निळे पट्टे तिच्या बोटांवर व हाताच्या पाठीवर उमटले. मळक्या हातांनी आलेल्या मुलांना वर्गाबाहेर उभे करण्याची तिच्या शाळेत पद्धत आहे. सकाळच्या शाळेची घाई, साबणाने डाग हलेना आणि मुलगी रडकुंडीला आलेली, अशा वेळी तिच्या आईने मोबाइलवर आलेला उपाय केला. अर्धे लिंबू मिठात बुडवून तिने ते मुलीच्या हातावर दहा मिनिटे चोळले. हात लाल झाला, डाग जरासा फिका पडला आणि तो हात नुसत्या पाण्याखाली धरून मुलगी शाळेत गेली. त्या दिवशी क्रीडादिनाचा सराव होता, तेव्हा ती जवळजवळ दोन तास मैदानात उन्हात उभी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताची आग होऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी फोड आले. मी तो हात जवळून पाहिला. हाताच्या पाठीवर भाजल्यासारखा पट्टा होता आणि तिथून एक बारीक लाल रेघ मनगटाच्या खाली कोपराच्या दिशेने ओघळत गेली होती. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले की मुलीने गरम भांड्याला हात लावला असेल. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मात्र ती रेघ पाहताच विचारले, "हिला लिंबू लावले होते का?" रस जिथून ओघळला होता, नेमकी तिथेच कातडी भाजली होती.

डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकौमरिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले, तर उन्हातील अतिनील किरणांमुळे त्यांची क्रिया सुरू होऊन त्वचेच्या पेशींना इजा होते. ही काही ॲलर्जी नव्हे, ती कोणाच्याही त्वचेवर होऊ शकते. त्रास लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो, आणि तोवर लिंबाची आठवण कोणालाच उरलेली नसते. फोड बसले तरी मागे तपकिरी डाग राहतो आणि तो जायला कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही लागतात. या मुलीचा मार्करचा डाग चार दिवसांत आपोआप गेला, लिंबाचा डाग मात्र मार्च उजाडला तरी तिच्या हातावर आहे. तिच्या आईला मी मुळीच दोष देत नाही, कारण तिने जे केले ते तिच्या जागी मीही केले असते. लिंबू स्वयंपाकघरातले, रोजच्या जेवणातले, त्याने काय होणार आहे, असेच आपण सगळे समजतो.

मी हे बोलतो त्याला माझ्या स्वतःच्या हातांचाही आधार आहे. छापखान्यात काम संपले की आम्ही रॉकेलच्या डब्यात चिंधी बुडवून हात पुसत असू. यंत्राचे रूळ ज्या रॉकेलने धुवायचे त्यानेच हात धुवायचे, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. छपाईची शाई रॉकेलने झटकन सुटते, हे खरेच आहे, पण त्याबरोबर त्वचेतला नैसर्गिक तेलकटपणाही धुतला जातो. माझ्या हातांना आधी कंड सुटली, मग बोटांच्या पेऱ्यांवर भेगा पडल्या आणि पुढे त्या भेगांतून रक्त येऊ लागले. दोन महिने मला खिळ्यांना हात लावता आला नाही आणि तेवढ्या दिवसांचा पगारही गेला. शेवटी परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, की शाई जर तेलात कालवलेली असते, तर ती काढायला तुम्ही साधे खोबरेल तेल का वापरत नाही? इतकी वर्षे शाईत हात घालून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, याची खंत मला आजही वाटते.

मुंबईतल्या मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळात मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी छापील मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असल्याच्या शंकेने सोवळ्यातले लोक छापील पानांना शिवत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई तयार केली, अशी आठवण आमच्या धंद्यातली जुनी माणसे सांगत. ती आठवण मला या संदर्भात नेहमी उपयोगाची वाटते, कारण तेला-तुपात कालवलेली शाई तेला-तुपानेच सुटते, आणि डाग काढायला बसण्यापूर्वी शाई कशात कालवलेली आहे हे पाहणे हेच पहिले काम आहे.

शाईच्या पेनातली, म्हणजे दौतीतली शाई बहुतेक पाण्यात कालवलेली असते. पावसाळ्यात दप्तरात किंवा लोकलच्या गर्दीत खिशात पेन गळून बोटे निळी झाली, तर कोमट पाणी आणि अंगाचा साबण दोन-तीनदा लावला की तिचा बराचसा भाग जातो आणि उरलेला एक-दोन अंघोळींत निघतो. जेल पेनची शाईही पाण्यातली असली तरी तिच्यात रंगाचे बारीक कण असतात आणि ते कातडीच्या रेषांत अडकून बसतात, म्हणून तिला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. बॉलपेनची शाई तेलकट असते, त्यामुळे तिच्यावर नुसते पाणी ओतून काहीच होत नाही. पर्मनंट मार्करमध्ये रंग आणि चिकट राळ अल्कोहोलसारख्या चटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले असतात. द्रव उडाला की राळेचा पातळ थर रंगासकट कातडीला चिकटून बसतो आणि साबण त्याच्यापुढे हात टेकतो.

बॉलपेन आणि मार्कर या दोन्हींसाठी माझ्या अनुभवाने सर्वांत निर्धोक असा उपाय खोबरेल तेलाचा आहे. खोबरेल नसेल तर जेवणातले गोडे तेलही चालते. डागावर अर्धा चमचा तेल घालून ते बोटाच्या पेराने हलक्या हाताने पसरावे आणि चार-पाच मिनिटे हात तसाच ठेवावा. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते घासायला लागतात, पण तेलाला शाईत शिरायला वेळ द्यावा लागतो, घासल्याने ते लवकर होत नाही. मग कापसाने पुसावे. कापूस निळा झालेला दिसला की पुन्हा थोडे तेल घालावे आणि कापूस जवळजवळ कोरा निघेपर्यंत हेच करावे. त्यानंतर चिमूटभर डाळीचे पीठ तेलकट हातावर चोळले, की सुटलेली शाई आणि तेल दोन्ही पिठाच्या गोळ्यांत धरले जातात, मग साबण आणि कोमट पाण्याने हात धुवावा. पीठ कोरडे घेऊन दाबून घासू नये. माझी आई आम्हाला दिवाळीत जसे उटणे लावत असे, तितक्याच हलक्या हाताने हे करावे.

मार्करचा डाग तेलाने पुरता गेला नाही आणि जायलाच हवा असेल, तर सत्तर टक्के अल्कोहोलचे सॅनिटायझर कापसावर घेऊन तेवढ्याच जागी टेकवावे, कारण मार्करचा रंग मुळात अल्कोहोलमध्येच कालवलेला असतो. मात्र हे काम मोठ्या माणसाने करावे. गॅस पेटलेला असताना किंवा देवापुढे निरांजन तेवत असताना तिथे उभे राहून करू नये, कारण अल्कोहोलच्या वाफा पेट घेतात. खरचटलेल्या जागी, चेहऱ्यावर आणि अगदी लहान मुलांना ते लावू नये. लावून झाल्यावर हात धुऊन वर तेलाचा हात फिरवावा, नाहीतर कातडी कोरडी पडते. शिक्क्याच्या गादीच्या जांभळ्या शाईलाही, जी आमच्यासारख्या निवृत्तांच्या अंगठ्याला वारंवार लागते, साबण, मग तेल आणि पुन्हा साबण हाच क्रम पुरतो. ती एकदम जात नाही, पण दोन दिवसांत जाते.

आता काय टाळावे, हे मी अधिक आग्रहाने लिहितो. नेलपॉलिश रिमूव्हरने मार्कर निघतो, पण त्यातले ॲसिटोन कातडी कोरडी-ठाक करते, त्याच्या वाफा पटकन पेटतात आणि मुलांच्या हातांसाठी ते वापरण्याचे काहीच कारण नाही. रॉकेल आता सहजी मिळत नाही, पण त्याची जागा थिनरने आणि पेट्रोलने घेतली आहे, आणि हे द्रव पाण्याच्या बाटलीत भरून मोरीत ठेवण्याची आपल्याकडची सवय तर जिवावर बेतणारी आहे, कारण मुलाने ते चुकून प्यायले तर ते फुप्फुसात उतरू शकते. फरशी पुसायचे ब्लीच हाताला कधीही लावू नये. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आमच्या चाळीतल्या मोरीसारख्या कोंडलेल्या जागेत तो श्वासाबरोबर आत जातो. भांड्यांची घासणी, काथ्या आणि टाचेची वजरी यांनी डाग जातो तो शाई विरघळल्यामुळे नव्हे, वरची कातडी खरवडली गेल्यामुळे जातो, आणि खरवडलेल्या कातडीवर पुढे जे लावाल ते अधिक झोंबते.

मुळात आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो सतत झडत असतो. शाई बहुतेक त्याच थरात बसलेली असते. म्हणून काहीही न करता केवळ रोजची अंघोळ केली तरी बहुतेक डाग काही दिवसांत फिके पडून जातात, एवढे जरी पालकांना ठाऊक असले तरी निम्मी घाई कमी होईल. मतदानाच्या शाईची गोष्ट वेगळी आहे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून वापरात असलेली, म्हैसूरला तयार होणारी ती शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. उजेडात तिचा त्वचेशी आणि नखाशी जो संयोग होतो तो कोणत्याही घरगुती उपायाने सुटत नाही. ती काढण्याच्या युक्त्याही अधूनमधून मोबाइलवर फिरतात. त्या करून बोट भाजते, आणि एका मतदाराने एकदाच मत द्यावे यासाठी लावलेली खूण पुसायला जाणे हे नागरिक म्हणूनही चुकीचे आहे.

शहरातल्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे की हातावर शाई दिसली म्हणून मुलाला शिक्षा करू नये. नखांतला मळ आणि शाईचा डाग यांत फरक आहे. मळाने आजार होतो म्हणून नखे तपासलीच पाहिजेत, पण रात्री जागून तक्ता रंगवलेल्या मुलीच्या हातावरचा निळा पट्टा हा अस्वच्छतेचा पुरावा नाही. त्या सकाळी वर्गाबाहेर उभे राहण्याची भीती नसती, तर त्या घरात लिंबू कापले गेले नसते. प्रकल्पासाठी मार्कर सांगताना शिक्षकांनी पाण्याने धुतला जाणारा मार्कर सांगितला, तर खर्चही वाढत नाही आणि हा प्रसंगही येत नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. घरगुती युक्त्यांचे सदर वाचक आवडीने वाचतात आणि कात्रणे कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवतात. त्या सदरात त्वचेला लावायचे काही असेल तर ते छापण्यापूर्वी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाच्या नजरेखालून घालावे, आणि जूनमध्ये शाळा सुरू होतील त्या आठवड्यात लिंबू आणि ऊन यांबद्दलची सूचना ठळकपणे द्यावी. आमच्या मजल्यावर तेवढे आम्ही केले आहे. सामाईक नळाच्या वर खोबरेल तेलाची बाटली आणि कापसाची पुडी ठेवली आहे, आणि ती संपली की भरून ठेवण्याचे काम त्या पाचवीतल्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त छापखाना कामगार
गिरगाव, मुंबई