डोंबिवली लोकलमधल्या चौघींना

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मला दर बुधवारी एक असे पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाचे 12 डोस घ्यायचे होते. नवऱ्याची रजा संपली, तेव्हा सातव्या डोसपासून परळच्या हॉस्पिटलमधून डोंबिवलीला मी एकटीच यायला लागले. घरी सासूबाई आणि चौथीतली लेक.

या औषधाने माझी बोटं बधिर झाली होती. लेकीच्या युनिफॉर्मचं बटण लागेना, भाजी निवडणं तर दूरच. तरी त्या दिवशी स्टेशनबाहेर गवार घेतली, तिला आवडते म्हणून. कुर्ल्याला गर्दी घुसली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पिशवी सुटली. गवार डब्याभर.

तुम्ही चौघी मेथी निवडत बसला होतात. एकीने खिडकीची जागा दिली, दुसरीने पाणी पाजलं. 'डाव्या हाताला धरू नका, ऑपरेशन झालंय,' एवढंच मला बोलता आलं. मग निळ्या साडीतल्या ताई त्या बाजूला आडव्या उभ्या राहिल्या, थेट डोंबिवलीपर्यंत. त्याही दिवसभर काम करूनच आल्या असणार. आणि सांडलेली गवार तुम्ही वेचलीत, शिरा काढून मोडलीत, पिशवीत भरून दिलीत. घरी फक्त धुवून फोडणीला टाकायची होती. लेक त्या रात्री पोटभर जेवली.

पुढचे पाचही बुधवार तुम्ही माझी जागा धरलीत, भाजी निवडलीत. आजाराबद्दल एकही नकोसा प्रश्न नाही.

परवा लेकीची वेणी मी घातली. बोटांना केस जाणवले. तुम्हाला हे सांगायचं होतं. ताईंनो, मनापासून आभार.