नसबंदीनंतरची तपासणी टाळू नका

संपादक महोदय,

मुले पुरे झाली की ऑपरेशनसाठी नाव बाईचेच निघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बाईला दर हजार विड्यांमागे मजुरी मिळते. टाके पडले की तीही बुडते.

पुरुषांची शस्त्रक्रिया बिनटाक्याची आहे. अंडकोषाच्या कातडीला भूल देऊन टोकदार चिमट्याने बारीक छिद्र पाडतात, दोन्ही वीर्यनलिका एकेक करून बाहेर घेतात, कापून बांधतात. वीस-एक मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. 'ताकद जाईल' ही भीती निराधार आहे. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते, या नळीतून जात नाही. वीर्यही कमी झाल्याचे जाणवत नाही, त्यात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के असतो. मात्र दोन दिवस आराम आणि घट्ट लंगोट हवा. यंत्रमागावर काम करणाऱ्याने आठवडाभर बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) उचलू नये, सायकल चालवू नये. नाहीतर आत रक्त साकळून सूज येते. ताप किंवा पू आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

गफलत होते ती नंतर. कापलेल्या जागेच्या पुढे नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. म्हणून तीन महिने निरोध किंवा पत्नीसाठी दुसरे साधन वापरायचेच. त्यानंतर वीर्य तपासायचे. नमुना स्वच्छ, रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावा (निरोधमध्ये नव्हे) आणि तासाभरात प्रयोगशाळेत द्यावा. शुक्रजंतू दिसले तर दर महिन्याला पुन्हा तपासणी. सहा महिन्यांनंतरही दिसले तर शस्त्रक्रिया फसली असे धरून ती पुन्हा करतात. तपासणी न करताच निर्धास्त राहिलेल्या घरात दिवस गेले की संशय बायकोवर येतो. हा तिच्यावर उघड अन्याय आहे. तपासणीनंतरही क्वचित नळी आपोआप जुळते, हेही घरच्यांना आधीच सांगितले पाहिजे.

नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होण्याची हमी नसते. मन डळमळीत असेल त्याने थांबावे.

आरोग्य विभागाला विनंती, घरी सोडतानाच कार्डावर तपासणीची तारीख लिहावी, निरोध हातात द्यावेत आणि नमुना देण्यासाठी कडी लागणारी खोली ठेवावी. रांगेतल्या लोकांसमोर बाटली हातात दिली, तर पुरुष परत फिरतो.

– एक निवृत्त आरोग्यसेवक, सोलापूर