इम्पालाचे साल ओळखताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की मुंबई-पुण्याकडे जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. त्यांत एखादी लांबरुंद शेव्हर्ले इम्पाला हमखास असते. छायाचित्राखाली तिचे साल छापलेले असते आणि ते बऱ्याचदा चुकलेले असते. वार्ताहर ते मालकाला विचारतो, मालक आरसी बुकात बघून सांगतो, आणि आरसी बुकात अनेकदा गाडी इथे पासिंग झाली ते साल असते, गाडीचे नसते. पुढे तीच ओळ विक्रीच्या जाहिरातीत जाते आणि घेणारा त्या सालाचे सुटे भाग परदेशातून मागवतो. ते बसत नाहीत. हे टाळणे अवघड नाही, म्हणून हे पत्र.

आधी 'मॉडेलचे साल' म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन कारखाने पुढच्या सालाचे मॉडेल आदल्या शरद ऋतूत, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात आणत. म्हणजे ऑक्टोबर १९६२ मध्ये तयार झालेली गाडी १९६३ चे मॉडेल ठरते. ती बोटीने इथे यायची, पासिंग व्हायची, तोवर आणखी काही महिने जात. काही गाड्या वकिलातींसाठी आल्या, वापरून झाल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या आणि मग इथल्या मालकाच्या नावावर लागल्या. अशा गाडीच्या कागदावरचे साल आणि मॉडेलचे साल यांत दोन-चार वर्षांचे अंतर पडले तर नवल नाही. २०२१ साली आलेल्या विंटेज नोंदणीच्या नियमात ५० वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजतात, त्यामुळे आरटीओच्या कामाला कागदावरची तारीख लागतेच. पण काच, जाळी, दिवे, ब्रेकचे भाग मागवताना मॉडेलचेच साल लागते.

लांबून ओळखायचे तर गाडीच्या पाठीमागे जाऊन उभे राहावे. पुढची जाळी आणि बंपर ठोकरीत जातात आणि हाताला लागतील ते बसवले जातात. मागचा पत्रा त्या मानाने शाबूत राहतो.

१९५५, १९५६ आणि १९५७ या तीन सालांच्या शेव्हर्ले पेट्रोल कुठून भरतात त्यावरून ओळखाव्यात, इतकी खात्रीची दुसरी खूण नाही. १९५५ ला डाव्या मागच्या मडगार्डवर साधे झाकण आहे. १९५६ ला झाकण कुठेच दिसत नाही, कारण डावा मागचा दिवाच बिजागरीवर फिरतो आणि त्याच्या मागे टाकीचे तोंड असते. १९५७ ला ते डाव्या पंखाच्या (मागच्या मडगार्डवर उभारलेल्या पत्र्याच्या टोकाच्या) मागच्या कडेला, क्रोमच्या उभ्या पट्टीआड लपवले आहे. पट्टी ओढली की दारासारखी उघडते. नवख्या पंपवाल्याला ते सापडणे कठीण. १९५५ पासून शेव्हर्लेला १२ व्होल्टची बॅटरी आली, त्याआधी ६ व्होल्टची होती.

चार हेडलॅम्प असले की शेव्हर्ले १९५८ ची किंवा नंतरची. इम्पाला हे नाव १९५८ सालीच आले, तेही बेल एअर या शेव्हर्लेच्याच मॉडेलचा वरचा प्रकार म्हणून, आणि १९५९ पासून ती स्वतंत्र मालिका झाली. यातून एक दावा आपोआप निकालात निघतो. शिवडीला शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती बंद केली. तेव्हा 'शिवडीत जुळलेली इम्पाला' असू शकत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळल्या त्या क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो.

१९५८ च्या इम्पालाला मागे प्रत्येक बाजूला तीन दिवे आहेत, साध्या बेल एअरला दोन. १९५९ ला पंख आडवे पसरलेले आणि त्यांच्याखाली मांजराच्या डोळ्यासारखा एकेकच मोठा दिवा. हे साल लहान मूलही ओळखेल. १९६० ला आडवे पंख राहिले, पण गोल दिवे परत आले, इम्पालाला तीन-तीन आणि बेल एअर, बिस्केन या शेव्हर्लेच्या साध्या मालिकांना दोन-दोन. १९६१ ला पंख गेले. घोळ होतो तो १९६२, १९६३ आणि १९६४ मध्ये, कारण तिन्हींना तीन-तीन गोल दिवे आणि सरळ चौकोनी पाठ. १९६४ ला दिव्यांच्या वरून उलट्या यू आकाराची चकचकीत पट्टी फिरवलेली आहे, ती दिसली की संपले. १९६२ आणि १९६३ मध्ये फरक करायला पुढे जावे. अमेरिकन गाड्यांना पुढचे पार्किंगचे आणि वळणाचे दिवे १९६३ च्या मॉडेलपासून पिवळ्या-नारिंगी रंगाचे आले, त्याआधी ते पांढरे होते. मात्र दिव्याची काच पाच मिनिटांत बदलता येते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

१९६५ ला गाडी मुळापासून नवी झाली. बाजूच्या काचा बाहेर फुगीर झाल्या आणि इंग्रजी एक्स आकाराची जुनी चासिस जाऊन कडेने फिरणारी चौकट आली. म्हणून १९६४ चा दाराचा पत्रा किंवा काच १९६५ ला कधीच बसत नाही. नेमके याच दोन सालांच्या घोळात लोकांचे पैसे जातात, कारण मागे तीन-तीन गोल दिवे दोन्हींना आहेत. १९६६ ला दिवे आडवे चौकोनी झाले. १९६८ ला ते बंपरमध्ये गेले आणि त्यांचा आकार घोड्याच्या नालासारखा. १९७० ला बंपरमध्येच, पण उभे.

साठच्या दशकाच्या शेवटाला अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांची मोठी मदत होते. १९६८ च्या मॉडेलपासून चारही मडगार्डांच्या बाजूला छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर आले, पुढे पिवळसर, मागे लाल. मडगार्डची बाजू कोरी असेल तर गाडी १९६७ ची किंवा आधीची. १९६८ पर्यंत इम्पालाची किल्ली डॅशबोर्डात लागते. १९६९ ला ती स्टिअरिंगच्या दांड्यावर गेली आणि पुढच्या दाराची छोटी तिकोनी काचही गेली. या दोन खुणा कोणी सहजासहजी बदलत नाही.

आता नंबर. हाच खरा पुरावा, आणि चुकीचा वाचला जातो तोही हाच. १९६७ पर्यंत नंबराची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडल्यावर, जिथे दार बिजागरीला लागते त्या खांबावर असते. म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत डाव्या खांबावर. १९६८ पासून ती डॅशबोर्डावर, पुढच्या काचेतून बाहेरून वाचता येईल अशी.

१९६० ते १९६४ या सालांत नंबरात १२ चिन्हे असतात. पहिला आकडा सालाचा, पुढचे दोन मालिकेचे, त्यापुढचे दोन बॉडीचे, मग कारखान्याचे एक अक्षर आणि शेवटी सहा आकडी अनुक्रम. ३१८६९जे अशी सुरुवात असेल तर ३ म्हणजे १९६३, १८ म्हणजे इम्पाला व्ही-८ (आठ सिलिंडरची), ६९ म्हणजे चार दारांची सेडान आणि जे म्हणजे विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिलचा कारखाना. मालिकेचा आकडा १७ असेल तर तीच इम्पाला सहा सिलिंडरची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या चार दारांच्या, म्हणून ६९ आणि दारांमधला खांब नसलेल्या हार्डटॉपचा ३९ हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

१९६५ ते १९७१ मध्ये पद्धत बदलली आणि चिन्हे १३ झाली. पहिला आकडा आता कंपनीच्या विभागाचा, आणि शेव्हर्लेचा विभाग १. साल सहाव्या जागी गेले. १६४६९६एल असा नंबर असेल तर १ शेव्हर्ले, ६४ इम्पाला व्ही-८, ६९ चार दारांची सेडान, ६ म्हणजे १९६६. जुन्या पद्धतीने वाचणारा माणूस पहिला १ बघतो आणि गाडी १९६१ ची म्हणून मोकळा होतो. एका फटक्यात पाच वर्षांची चूक. त्यावर उपाय म्हणजे आधी चिन्हे मोजावीत. १२ असतील तर साल सर्वांत पुढे, १३ असतील तर सहाव्या जागी, कारखान्याच्या चिन्हाच्या लगेच आधी. कॅनडातल्या ओशावा कारखान्याची खूण अक्षर नसून १ हा आकडाच आहे, तेव्हा 'अक्षर सापडत नाही' म्हणून गोंधळू नये.

१९५५ ते १९५९ ला साल दोन आकड्यांत उघडच लिहिलेले असते. व्हीसी५७ म्हणजे १९५७ ची व्ही-८ बेल एअर, एफ५९ म्हणजे १९५९ ची व्ही-८ इम्पाला.

आरसी बुकात हा नंबर चासिस नंबर म्हणून उतरवलेला असतो आणि हाताने उतरवताना घोटाळे होतात. सेंट लुइसचा एस हा ५ म्हणून लिहिला जातो, बाल्टिमोरचा बी ८ म्हणून, ओकलंडचा ओ शून्य म्हणून. १९६० च्या गाडीचा नंबर तर शून्यानेच सुरू होतो आणि सुरुवातीचे शून्य निरर्थक समजून गाळले जाऊ शकते. मग उरलेल्या ११ चिन्हांचे गणित कोणालाच लागत नाही. म्हणून कागदावरून नंबर वाचू नये. आरटीओत घेतात तसा पट्टीवर पातळ कागद धरून पेन्सिलीचा छाप घ्यावा. पट्टीवर रंग चढला असेल तर रंग काढायचे द्रावण मऊ ब्रशने लावून थांबावे, पॉलिश पेपर अजिबात घासू नये. ठशाची खोली फार कमी असते. आणि दाराच्या खांबावरची पट्टी आजच्या पॉप रिव्हेटने बसवलेली दिसली, तर ती मुळात याच गाडीची आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पट्टी बोनेटखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर असते. ही जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडी विभागाची. तिच्यावर 'स्टाइल' या शब्दापुढे ६३-१८६९ असे लिहिलेले असते, म्हणजे साल, मालिका आणि बॉडी पुन्हा एकदा मिळतात, शिवाय मूळ रंगाचा आणि सीटच्या कापडाचा क्रमांक. त्याच पट्टीवर १०बी असा छोटा शिक्का असतो. १० म्हणजे ऑक्टोबर, बी म्हणजे दुसरा आठवडा. १९६३ च्या पट्टीवर १०बी असेल तर बॉडी ऑक्टोबर १९६२ ची, आणि ते बरोबरच आहे. इथे 'ऑक्टोबर १९६३' असे वाचणारेही भेटतात.

इंजिनावरून साल ठरवू नये. पेट्रोल परवडेना म्हणून यांतल्या कित्येक गाड्यांत डिझेल इंजिन बसले, काहींत पुढे दुसऱ्या गाडीचे व्ही-८ आले. पण इंजिन मूळचे आहे का, हे मात्र तारखेवरून तपासता येते. लहान व्ही-८ च्या ब्लॉकवर मागे, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर, ओतकामाची उठावदार तारीख असते. ए ते एल ही बारा अक्षरे बारा महिन्यांची, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. सी १४ ३ म्हणजे १४ मार्च १९६३. ब्लॉक आधी ओततात, गाडी नंतर जुळते. बॉडी ऑक्टोबर १९६२ ची आणि ब्लॉक मार्च १९६३ चा असेल, तर ते इंजिन त्या गाडीत कारखान्यात बसलेले नाही, मग विकणारा काहीही सांगो. सालाचा एकच आकडा असल्याने ३ म्हणजे १९७३ ही असू शकते. तेव्हा ब्लॉकवरचा ओतीव क्रमांकही जुळवून बघावा. पुढे उजव्या सिलिंडर हेडसमोरच्या सपाट जागेवर ठोकलेल्या शिक्क्यात कारखाना, महिना आणि दिवस मिळतो, साल मिळत नाही.

उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. परदेशी संदर्भांतली चित्रे डाव्या स्टिअरिंगची असतात. निर्यातीच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना डॅशबोर्ड दर सालाला नवा मिळाला नाही, जुनाच पुढे चालवला गेला. म्हणून चित्रातल्या डॅशबोर्डाशी आपला जुळत नाही एवढ्यावरून 'साल वेगळे' किंवा 'डॅशबोर्ड बदललेला' असे म्हणणे हा त्या गाडीवर अन्याय आहे.

आपल्या दैनिकाला एकच विनंती. फेरीतल्या गाडीचे छायाचित्र छापताना एक मागून घेतलेलेही छापावे, आणि सालाची खात्री नसेल तर मालकाकडून नंबराच्या पट्टीची पहिली सहा-सात चिन्हे विचारून घ्यावीत. शेवटचा सहा आकडी अनुक्रम छापायची गरज नाही, तो छापूही नये, कारण त्यावरून बनावट पट्टी करता येते.

आणि ज्यांची गाडी आज गॅरेजमध्ये रंगाला उभी आहे त्यांना कळकळीने सांगणे, की पत्रा घासायला सुरुवात होण्याआधी दोन्ही पट्ट्यांचा पेन्सिलीने छाप घ्या, जागेसकट फोटो काढा, वर मास्किंग टेप लावा आणि फिटरला त्या काढू देऊ नका. नवा रंग कधीही देता येईल. एकदा काढलेली पट्टी परत लावली तरी ती मूळची आहे हे पुढच्या घेणाऱ्याला कोणत्याही कागदाने पटवता येत नाही.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे